दोन एकांमधला अर्धा सेकंद

पौषातला शेवटचा रविवार, दुपार. लग्नपत्रिका टाइप करून देण्याचे ठरलेले पाचशे रुपये. हजर आम्ही तिघं: मी, बायको आणि तिला घरी काम देणारा छापखान्याचा मालक.

"वैनी, मुरगूडचं पावणं माघातल्या लग्नाची घाई करत्यात. उद्या सकाळी पायजे. जमंल न्हवं? न्हायतर दुसरीकडं देतो की."

"जमंल," ती म्हणाली.

आजारपणानंतर तिची बोटं थरथरायची. एक कळ दाबली की अक्षर दोनदा, तीनदा उमटायचं. हे काम एकदा दुसरीकडं गेलं की परत येणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तो गेल्यावर ती संगणकासमोर नुसतीच बसून राहिली. खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत की-बोर्डवर आलं. तिचं बोट उजवी शिफ्ट कळ दाबून तसंच विसावलं होतं, आणि त्यानं पडद्यावर एक चौकट उघडली. ती अधूनमधून उघडायची, मी न वाचता बंद करायचो. आताही माझा हात माउसकडे गेला.

"अहो, थांबा की! वाचू तरी द्या."

फिल्टर कीज असं त्या सोयीचं नाव होतं. तीच कळ लगेच पुन्हा दाबली गेली, तर दुसरा दाब सोडून द्यायचा, असं संगणकाला सांगता येत होतं. आम्ही मुदत अर्धा सेकंद ठेवली.

मी मूळ कागद वाचत गेलो, ती टाइप करत गेली. बोटं थरथरतच होती, पडद्यावरच्या ओळी मात्र पहाटेच्या रंकाळ्यासारख्या संथ. पत्रिकेतले आत्या, मामा, काका एकेक करून ओळीत येऊन बसत होते. मी कधी कुजबुजत वाचायला लागलो, कळलं नाही.

तपासताना मुहूर्तावर नजर थांबली: १ वाजून २ मिनिटे. कागदावर ११ वाजून २२.

"वऱ्हाड जेवून उठल्यावर अक्षता टाकायच्या का गं?"

ती खळखळून हसली. "दुसरा एक म्हणजे माझी थरथरच वाटली संगणकाला!"

मग मी म्हणालो, "एक." तिनं दाबला. दोघंही थांबलो. ऊन तिच्या मनगटावर होतं. "एक."

सकाळी मालकानं सगळं वाचलं, मुहूर्त कागदाशी ताडून बघितला. "एक बी चूक न्हाय की वो!" म्हणत सवयीनं नोट माझ्यापुढं धरली. मी हात मागे घेतला. पाचशे रुपये, रोख, त्यानं बायकोच्या हातात दिले. वर पेठ वडगावच्या नव्या पत्रिकेचे दोनशे आगाऊ, तेही तिलाच.