आईस्क्रीमच्या घरी

हॉस्टेलच्या फॉर्मवर पालकांची सही लागते म्हणून आई पुण्याला आली होती. निदान मी तसं समजत होते. वडिलांनी तिला काय सांगून पाठवलंय ते तिनं बसमधून उतरताच सांगून टाकलं. "बघून ये. बरं वाटलं तर सही कर, न्हाई तर पोरीला सामानासकट घेऊन ये. इथं जवळ सोनईला बी कॉलेज हाय."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दुसरं वर्ष संपलं होतं आणि तिसरं त्या सहीवर अडलं होतं.

सुरुवातच बिघडली. आईला खोली दाखवायला नेलं आणि दारापाशी मी सवयीनं किल्ली काढली. आम्ही शनिशिंगणापूरचे. आमच्या घराला चौकट आहे, दार नाही. कुलूप तर आईनं आयुष्यात हातात धरलेलं नाही. ती किल्लीकडे बघत राहिली.

"तू कुलूप लावतीस?"

"सगळ्याच लावतात," मी म्हणाले. ते उत्तर माझं मलाच नीट वाटलं नाही. मी दिलेला फॉर्म आईनं घडी घालून पिशवीत ठेवला.

माझ्या रूममेटकडे एका मॉलमधल्या आईस्क्रीमच्या म्युझियमचे दोन पास होते. "काकूंना घेऊन जा, खूश होतील," ती म्हणाली. आईला गोड आवडतं, म्हणून मलाही पटलं. तिथं नक्की काय असतं हे मला ठाऊक नव्हतं, पण ते मी कबूल केलं नाही.

निघताना आईनं शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेतला. रिकाम्या हातानं कुणाकडे जायचं नसतं.

"आई, ते कुणाचं घर नाहीये."

"मग कुनाचं हाय?"

मी रिक्षा बोलावली.

आत शिरतानाच गुलाबी कपड्यांतल्या एका मुलीनं आम्हाला थांबवलं. पिशवी लॉकरमध्ये ठेवायची, कुलूप लावायचं आणि किल्ली मनगटाला बांधायची.

"आमी कुलूप लावत न्हाई," आई म्हणाली.

"आंटी, कंपल्सरी आहे."

"पिशवी ठेवते. किल्ली फिरवनार न्हाई."

"मग चोरीला गेलं तर आमची जबाबदारी नाही."

"तुमाला कशाला जबाबदार धरू? वर बघनारा हाय की."

मुलीनं छताकडे पाहिलं. "हो, कॅमेरा आहे," ती म्हणाली, आणि तेवढ्यावर दोघींचं समाधान झालं. लॉकर उघडाच राहिला. डबा आईनं पदराखाली घेतला.

पहिल्या खोलीच्या कमानीपाशी आई थांबली. आमच्याकडे वाजवायला दार नसतं. चौकटीबाहेर उभं राहून आवाज द्यायचा आणि आतून ओ आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, अशी रीत आहे. हे मला माहीत होतं, पण ती रीत इथंही लागू होईल असं डोक्यातच आलं नव्हतं.

"हाय का घरात?" आईनं विचारलं.

आत छताला उलटी टांगलेली आईस्क्रीमं होती आणि त्यांच्याखाली मुली फोटो काढत होत्या. ओ आली नाही. आमच्यामागे रांग साचली. खांद्यावर पोरगी घेतलेले एक गृहस्थ म्हणाले, "काकू, चला ना."

"थांबा, आवाज दिलाय."

तेही थांबले. शेवटी मीच पुढे होऊन आत गेले आणि आतून म्हणाले, "या." मग सगळी रांग आत आली. दुसऱ्या खोलीपाशीही तेच झालं. तिसऱ्या खोलीबाहेर खांद्यावरच्या पोरीनं आईच्या आधीच हाक मारली आणि मागचे आठ-दहा जण गपगुमान ओ येण्याची वाट बघत उभे राहिले.

त्या खोलीत एक हौद होता. लग्नात जेवणानंतर देतात तशा रंगीत बडीशेपेच्या दाण्यांनी काठोकाठ भरलेला.

"खायाचं हाय का?"

"नाही, आत उतरायचं."

"अन्नात पाय घालू?"

"प्लास्टिक आहे गं."

आईनं एक दाणा दातानं तपासला. मग चपला काढल्या, हौदाला हात लावून नमस्कार केला आणि साडीसकट कमरेपर्यंत त्यात बसली. "मग खायाचं कुटं?" तिनं शांतपणे विचारलं. ही घरी जाऊन काय सांगेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

शेवटच्या खोलीत आईस्क्रीमच्या कोनाचा वेश घातलेला एक माणूस उभा होता. माणसापेक्षा दोन हात उंच कोन, त्यावर गुलाबी गोळा.

"हाय का घरात?" आई म्हणाली.

"हाय की. या मावशी," कोन म्हणाला.

गुलाबी मुलगी धावत आली. "तुला बोलायचं नाही म्हणून सांगितलंय ना?"

"त्याच्या घरात त्यानंच बोलायचं न्हाई?" आईनं विचारलं.

मुलगी आली तशी निघून गेली. कोन हळूच म्हणाला, "तुमच्याकडलाच, पाथर्डीचा हाय मी. सकाळधरनं गप उभा हाय. पर कुनी आवाज दिला की ओ जातीच तोंडातनं."

"जेवला का?"

"न्हाई अजून."

तोंडाच्या जागी जाळीची फट होती. आईनं लाडू फोडून तिच्यातून एक-एक तुकडा आत दिला. बाहेर पडताना आम्हाला बोटाएवढ्या कपात खरं आईस्क्रीम मिळालं. आई तेही घेऊन मागे गेली. "ते नको मावशी," कोन म्हणाला, "वास बी नको. लाडू असला तर द्या."

उघड्या लॉकरमध्ये पिशवी होती तशीच होती. आईनं फॉर्म काढला आणि माझ्याकडे पेन मागितलं. सही करायला तिला वेळ लागतो.

"कुलूप लावत जा," फॉर्म माझ्या हातात देत ती म्हणाली. "पर कुनी आवाज दिला की आतनं ओ देत जा."

मग तिनं वडिलांना फोन लावला, स्पीकरवर.

"सही केली."

"काय काय बघितलंस?"

"आईस्क्रीमच्या घरी गेल्तो. मानूस चांगला हाय, पाथर्डीचा. पर त्याला बोलू देत न्हाईत."



"जेवला का त्यो?"

"लाडू दिलेत."

"बरं केलंस," वडील म्हणाले.