इकाम्यावरचं काम

निघताना आईने हातावर दही ठेवलं आणि बजावलं, "तिकडे कुणाशी हुज्जत घालू नकोस." नाशिकच्या आमच्या दारात रिक्षा उभी होती, बाबा माझ्या बॅगा तिसऱ्यांदा मोजत होते, आणि मी गुणी मुलीसारखी मान डोलावत होते. आई, ते वचन मी फार तर सहा महिने पाळलं.

सौदीतल्या दम्मामच्या ज्या हॉस्पिटलात मी मधुमेहाची डॉक्टर आहे, तिथे एक अहवाल तयार होत होता. भारतीय, नेपाळी, बांगलादेशी रुग्णांची साखर इजिप्शियन, अरब रुग्णांइतकी आटोक्यात का राहत नाही? आमचे मोठे डॉक्टर माणूस म्हणून सज्जन, पण मत पक्कं: "हे त्यांच्या वंशातच आहे." अहवाल तसाच गेला असता, तर विषयच संपला असता. रक्ताला कोण काय करणार? गोळी वाढवा, खलास. मी इरेला पेटले. म्हटलं, सर, एसीत बसणारा आणि उन्हात राबणारा एका मापाने कसे मोजता? सारख्या कामाच्या माणसांची तुलना करू.

कामाची नोंद मी इकाम्यावरून, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावरून घेतली. त्यावर व्यवसाय छापलेलाच असतो. हिशेब मांडला, तर फरक तसाच्या तसा! सरांनी चष्म्यावरून पाहत कागद माझ्याकडे परत सरकवला. मी सपशेल तोंडावर आपटले.

त्याच आठवड्यात दापोलीचे यूसुफभाई तपासणीला आले. कार्डावर 'क्लार्क', तळहात मात्र घट्ट्यांनी भरलेले. विचारलं, तर हसायलाच लागले. "डाक्टरीणबाई, कार्डावरचं काम निराळं, हातातलं निराळं. मी सळ्या बांधतो." खोलीत आठ जण, जेवणाची वेळ ठेकेदाराच्या हातात, दवाखान्यासाठी सुट्टी नाही. पर्समध्ये स्वतःचा इकामा घेऊन फिरणारी मी, आणि कार्डावर एक काम, हातात दुसरं ही आपल्या लोकांची रीत मलाच आठवू नये! लाज वाटली.

मग प्रत्येकाला तोंडाने विचारलं. काम काय, खोलीत किती जण, शाळा कितवीपर्यंत, जेवता कधी. काही हिंदीत, काही मोडक्या अरबीत, तीन महिने. पुन्हा मांडलं. उन्हातला भारतीय आणि उन्हातला इजिप्शियन, दोघांची साखर सारखीच बिघडलेली. एसीतल्यांची सारखीच बरी. वंशाचा म्हणून फरक उरला तो एवढासा. 'वंशातच आहे' हे वाक्य सरांनी स्वतःच्या हाताने खोडलं. मी जिन्यात जाऊन चक्क नाचले.

आता दर शुक्रवारी, मजुरांच्या सुट्टीच्या दिवशी, आमचा दवाखाना उघडा असतो.

आई-बाबा, तुम्ही फोनवर विचारता, आता तुझं घर कुठलं? नाशिक आहेच, पण तिथे हल्ली मला पाहुणीसारखं आग्रहाने वाढतात, आणि ते टोचतं. गेल्या शुक्रवारी यूसुफभाई चार सोबत्यांना घेऊन आले. दारात बिचकलेल्या त्या चौघांना म्हणाले, "या रे, घाबरू नका. आमच्या गावची डाक्टरीण हाय."

मी आयुष्यात दापोली पाहिलेली नाही. पण नाही म्हणायचं मनातही आलं नाही. खुर्च्या पुढे ओढल्या आणि म्हटलं, "बसा. आधी सांगा, काम काय करता?"