रेडिओतल्या पोरीला धाडलेलं मूळ

निजामाचं राज जाऊन काही वर्षं झाली होती. ताडकळसकडच्या आमच्या गावात पंचायतीला सरकारी रेडिओ मिळाला आणि चावडीच्या भिंतीवर त्याचा भोंगा लागला. गड्यांना बाजारभाव ऐकायचे असत. आम्हा बायकांचा जीव गुरुवारच्या गोष्टीत. एका सासुरवाशिणीची गोष्ट होती, दर गुरुवारी दिवेलागणीला थोडी थोडी सांगायचे. तिला नाव होतं, पण आमचं गाव तिला रेडिओतली पोरच म्हणायचं.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या दिवशी भाकरी लवकर थापून सगळ्यांच्या पुढं जाऊन बसायच्या. रेडिओतली सासू बोलायला लागली की तिच्या नावानं कडाकडा बोटं मोडायच्या. पोर रडली की यांचा पदर ओला. आणि घरी आल्या की मला, अजून भांडी पडलीत होय गं? मी मनात म्हणायची, वा गं वा, लोका सांगे ब्रह्मज्ञान!

शेजारणी सांगायच्या की आत्याबाईंना लहानपणीच दिलेलं, माहेरी कुणी उरलं नाही, कधी कुणी न्यायला आलं नाही. असेल. पण ज्यानं भोगलं त्याला तरी कळायला नको?

श्रावण लागला. पंचमीला लेकीला न्यायला माहेरचं माणूस येतं, त्याला आमच्याकडं मूळ म्हणतात. माझं माहेर पाथरीकडचं. भाऊ गाडी घेऊन आला. ओसरीवर बसून म्हणाला, माय अंथरुणाला खिळलीय, सारखं हिचंच नाव घ्यायलीय, चार दिवस तरी धाडा. आत्याबाईंनी त्याला पोटभर जेवू घातलं, खोटं कशाला बोलू. मग म्हणाल्या, खुरपणी तोंडावर आलीय, दिवाळीला बघू. भाऊ रिकामी गाडी घेऊन गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सुनेनं तोंड उघडायची तेव्हा रीत नव्हती.

आणि योग बघा, त्याच आठवड्यातल्या गुरुवारी रेडिओतल्या सासूनंही पोरीच्या भावाला दारातून परत लावलं. बायका असल्या खवळल्या की एकीनं भोंग्यावर शेण फेकून मारलं. आत्याबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी उठून धपाटे भाजले, खण आणि बांगड्या फडक्यात बांधल्या आणि माझ्या मालकांना बजावलं, परभणीच्या सरकारी हापिसात जा, रेडिओवाल्यांकडं दे.

"तिला कुणी न्हाई असं समजू नका म्हणावं. आमी मूळ धाडलंय."

मालकांना आईपुढं बोलायची सवय नव्हती. गेले बिचारे. हापिसातली माणसं पोट धरून हसली. परतीच्या वाटेवर लिंबाखाली बसून यांनी धपाटे खाल्ले, खण-बांगड्या मला आणून दिल्या आणि आईला सांगितलं, पोचवलं. आत्याबाईंचं तोंड असं उजळलं की मलाही खरं सांगवेना.

भादव्यात माझी माय गेली. सांगावा आला तेव्हा आत्याबाईंनीच घाईघाईनं गाडी जुंपायला लावली. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. भावजय म्हणाली, शेवटपर्यंत दाराकडं बघत होत्या. ते अजून माझ्या काळजातून जात नाही.

तेरावं करून मी परत आले. पुढं दसऱ्याच्या सुमाराला एका गुरुवारी रेडिओतली पोर माहेरी पोचली. मी आता चावडीकडं जात नव्हते, पण भोंगा घरापर्यंत ऐकू यायचा. मायलेकी गळ्यात पडून रडल्या. आत्याबाई पळत घरी आल्या, गुळाची ढेप फोडली, गल्लीभर गूळ वाटला आणि शेवटी चुलीपाशी येऊन माझ्या हातावर खडा ठेवला.

"माझं मूळ पोचलं गं. पोर मायला भेटली एकदाची."

धपाट्यांचं मी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले,

"तिची माय वाट बघत जित्ती ऱ्हायली, आत्याबाई."

त्या तिथंच खाली बसल्या. चुलीवरची भाकर करपली तरी दोघींपैकी कुणी उलटली नाही. त्यानंतर त्या गुरुवारच्या गोष्टीला गेल्या नाहीत. बायका बोलवायला येत, ह्या डोकं दुखतंय म्हणून सांगत.

पुढच्या पंचमीला माझा भाऊ यायच्या आधीच त्यांनी आमची गाडी जुंपून दारात उभी केली. गाडीत धपाट्यांची शिदोरी होती, नवं लुगडं होतं. खुरपणी तशीच पडली होती. जा, म्हणाल्या, पाहिजे तेवढं ऱ्हा. मी उंबऱ्यात उभी राहिले. आता तिथं जाऊन हाक कुणाला मारायची होती? मी कोपऱ्यातलं खुरपं उचललं आणि रानाच्या वाटेला लागले. मागं वळून पाहिलं तर आत्याबाई गाडीच्या चाकाला धरून तशाच उभ्या होत्या.