सोबत्याची पेटी

बडोद्यातल्या पाणीगेट भागातल्या त्या पेटीचे प्रकरण इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेले नाही. महाराज सयाजीरावांच्या राज्यात मी तेव्हा नवा फौजदार होतो. एका सकाळी एक घरमालकीण धापा टाकीत ठाण्यात आली.

"साहेब, जल्दी चालो! मास्तरनी पेटीमां बायडीना वाळ छे, आखो चोटलो!"

बाईच्या केसांची अख्खी वेणी पेटीत आहे, एवढे कळताच मी शिपाई घेऊन निघालो.

खोलीत चित्रकलेचे एक तरुण शिक्षक भिंतीला टेकून उभे होते. बायको पहिल्यांदाच नांदायला येणार म्हणून त्यांनी खोली आवरायला काढली होती. कोपऱ्यातल्या पेटीचे कुलूप तोडले, आत पाहिले आणि ओरडले. तोच आवाज ऐकून मालकीण वर आली होती.

पंच बोलावून पंचनामा केला. पेटीत एक हिरवे लुगडे, कुंकवाचा करंडा, मुळापासून कापलेले लांब केस आणि मऊ फडक्यात बांधलेले काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. रक्ताचा डाग कुठेच नव्हता.

ठाण्यात मी मास्तरांना समोर बसवले.

"पेटी कुणाची?"

"माझ्या सोबत्याची. आम्ही एकाच खोलीत राहत होतो. तो महसूल कचेरीत कारकून होता. गेल्या वर्षी खोली सोडताना म्हणाला, एवढी ठेव, मी येऊन नेईन."

"गेला कुठे?"

"सांगितले नाही. मी विचारले, तर म्हणाला, तुला ठाऊक नसलेलेच बरे."

"नंतर त्याच्या चौकशीला कोणी आले?"

"दोघेजण आले होते. फार रागात होते. मी म्हटले, ठाऊक नाही. खरेच ठाऊक नव्हते, साहेब."

खोटे बोलणाऱ्याचे उत्तर बहुधा तयार असते. हे मास्तर मात्र प्रत्येक प्रश्नावर स्वतःच विचारात पडत होते. माझ्या वरिष्ठांना तसे वाटले नाही. "केस आहेत, फुटलेल्या बांगड्या आहेत. झटापट झालेली दिसते. उद्या अटक दाखवा," ते म्हणाले. अटक म्हणजे मास्तरांची नोकरी जाणार, आणि बायको स्टेशनवर उतरेल तेव्हा नवरा कोठडीत असणार.

दुपारी जेवायला घरी गेलो, पण जेवणात लक्ष लागेना. आमच्याकडे माझी आत्या असे. ती लहान वयातच विधवा झाली होती. तिने विचारले म्हणून मी सारे सांगितले. ती वाढता वाढता थांबली.

"तुकडे फडक्यात बांधले होते म्हणालास?"

"हो. नीट गाठ मारून."

"अरे, जीव घेणारा माणूस तुकडे वेचत बसेल का? नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडतात, केस उतरवतात. तिच्या मायेच्या कुणीतरी ते उचलून ठेवले असेल." बोलताना तिचा हात डोक्यावरच्या पदराकडे गेला.

मी हात धुतले आणि त्या कारकुनाचा ठावठिकाणा काढायला तडक महसूल कचेरीत गेलो. तिथले हेडक्लार्क हसूनच म्हणाले, "सगळे बडोद्याला बदली मागतात. लांब काठेवाडातल्या अमरेलीला मागणारा हा एकटाच निघाला!"

अमरेलीच्या ठाण्याला तार केली. वरिष्ठांना सारे सांगितले, तेव्हा उत्तर येईपर्यंत अटक थांबवून त्यांनी मास्तरांना जामीन घेऊन घरी जाऊ दिले. बायको आली तेव्हा ते तिला घ्यायला स्टेशनवर होते.

काही दिवसांनी तो कारकून स्वतःच ठाण्यात आला. बरोबर त्याची बहीण होती. कपाळावर कुंकू, मानेवर आखूड केसांचा अंबाडा. सासरहून त्याने तिला गुपचूप आणले होते आणि अमरेलीच्या एका शाळामास्तरांशी तिचा पुनर्विवाह लावून दिला होता. महाराजांनी तसा कायदा केला होता, पण सासरची माणसे त्याला शोधत होती.

चित्रकलेच्या मास्तरांनाही मी बोलावून घेतले होते. ते त्याच्यावर उखडले. "मला एका शब्दाने सांगायचे होतेस!"

"सांगितले असते, तर ते आले तेव्हा तुला खोटे बोलावे लागले असते. तुला ते जमत नाही," कारकून म्हणाला.

ओळख पटवण्यासाठी मी पेटी उघडली. बहिणीने वाकून आत पाहिले.

"दादा, हे तू ठेवलंस?"

"अंगणात टाकले होते त्यांनी. मला तिथे सोडवेना."

तिने लुगडे बाहेर काढून हातावर घेतले. करंडा उघडून पाहिला आणि कनवटीला लावला. मग केस आणि तुकडे फडक्यात गुंडाळून भावाच्या हाती दिले. "हे विश्वामित्री नदीत सोडून ये. मी येत नाही."

तो गेल्यावर तिने रिकाम्या पेटीचे झाकण दोनदा उघडून मिटून पाहिले आणि मला म्हणाली, "बिजागऱ्या चांगल्या आहेत. नेऊ का? घरी कपड्यांना पेटी नाही."

मी पावती लिहून पेटी तिच्या ताब्यात दिली.

त्यानंतर नोकरीत मी कितीतरी पंचनामे केले. कोणती वस्तू सापडली हे सगळेच लिहितात. ती कशी ठेवली होती, हेही मी त्या प्रकरणानंतर लिहू लागलो. फेकलेली, लपवलेली की जपलेली, एवढे कळले की तपास बहुतेक वेळा योग्य दाराशी जातो. त्या दिवशी मात्र ते मला सुचले नव्हते, आणि एक सरळ माणूस त्यापायी कोठडीत जाता जाता राहिला.