जयूकाकूंची कॅसेट

माधव नगरातले आमचे शेजारी दत्तात्रय सुपेकर, म्हणजे तात्या, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले आणि त्यानंतर प्रोग्रामिंग शिकले. कारण एकच होतं. त्यांची बायको जयूकाकू शाळेत गणित शिकवायची. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तिने त्यावर एक प्रोग्राम लिहिला होता. भैरवगढच्या कापडावरच्या छाप्यांची नक्षी तो रेघ रेघ करत पडद्यावर भरायचा. सगळ्यांना दाखवला त्या दिवशी तात्या ड्यूटीवर होते.

काकू गेली. तिचे कागद शाळेच्या रद्दीत गेले. तेव्हा प्रोग्राम गाण्याच्या साध्या कॅसेटवरच साठवायचे. तशी एक कॅसेट राहिली, आणि तिच्यात फक्त मशीनला कळणारे आकडे. पुतण्या चिन्मयने इंदूरहून त्या आकड्यांची फाइल करून दिली. प्रोग्राम चालवला की पहिली वेल उमटायची, फूल सुरू व्हायचं आणि सगळं अडकायचं.

का अडकतं ते कळायला डिसअसेंबलर लागतो. तो आकड्यांवरून मूळ सूचना परत लिहून काढतो. तात्यांनी नेटवरून एक फुकटचा उतरवला आणि त्यात भर घालत बसले. फाइलच्या मधल्या भागात त्या मशीनच्या कुठल्याच यादीत नसलेल्या सूचना निघत होत्या.

"छुप्या सूचना आहेत," ते मला म्हणायचे. "जयू पुस्तकाच्या बाहेरचंही शोधून काढायची. तुमच्या कॉलेजात शिकवतात का असलं काही?"

"नाही शिकवत."

"मग! फालतूमध्ये फीस भरली तुझ्या बाबांनी."

प्रत्येक अनोळखी आकड्यासाठी त्यांनी एक नवा नियम लिहिला होता. मी त्यांचा कोड वाचला. कॅसेटवरच्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी, तो नीट वाचला गेला का ते सांगणारा, पडताळणीचा आकडा असतो. तो जुळत नव्हता म्हणून तात्यांनी ती तपासणीच बंद करून टाकली होती. दुरुस्ती म्हणून.

"तात्या, आपण मूळ कॅसेट ऐकू या का?"

"आकडे काय ऐकणार? किर्रकिर्र नुसती."

तरी मी फ्रीगंजच्या बाजारातून त्यांचा टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला. आधी खरंच किर्रकिर्र होती. मग खट्ट आवाज आला आणि तबला लागला. एक तरुण माणूस खाकरला.

"जयू, सूर बरोबर लागलाय ना गं? मराठी समाजाच्या गणपतीत फजिती नको."

लांबून, बहुतेक स्वयंपाकघरातून, बाईचा आवाज आला. "अहो, ती माझी कॅसेट तर नाही ना घेतली?"

"नाही गं बाई. ही खाली आहे, बिलकुल कोरी."

मग तो माणूस गायला. बरा गायला. गाणं मध्येच तुटलं आणि पुन्हा किर्रकिर्र सुरू झाली.

मी बटण दाबून टेप थांबवला. तात्यांनी विचारलं, "त्या गाण्याखालचं काढता येतं का?"

"नाही, तात्या. वर रेकॉर्ड केलं की खालचं पुसलं जातं. मशीन गाण्यालाच आकडे समजत होतं."

"थोडंसुद्धा?"

"नाही."

त्यांनी खुर्ची कॉम्प्युटरकडे ओढली. छुप्या सूचनांचे सगळे नियम एकेक करून खोडले. माझ्याकडून एकदम पुसून घ्यायला तयार झाले नाहीत. शेवटी पडताळणी परत सुरू केली आणि फाइल लावली. डिसअसेंबलर वेलीपर्यंत नीट गेला, फुलाशी थांबला. पडद्यावर ओळ आली: यापुढचे आकडे ग्राह्य नाहीत.

"आता बरोबर चालतोय," तात्या म्हणाले.