गौर दारात थांबते तेव्हा

तेरडा मुळासकट उपटला की ओली माती आणि हिरवे देठ यांचा एक गार वास हाताला चिकटून राहतो. श्रावणातल्या एका सकाळी तो वास अंगणात भरून राहिला असताना विचुंबे गावाहून हिराकाकींचा मुलगा आला. पायरीवर उभा राहून म्हणाला, "आय गेली."… त्याला आता काही आठवडे झाले. गौरी तोंडावर आल्या आहेत.

लग्नानंतर आम्ही विचुंब्यात हिराकाकींच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. नव्वदच्या आसपासची ती वर्षे. शेतांतून इमारतींचे पाये खणले जात होते. माझी आई लग्नापूर्वीच गेलेली, भाऊ नाही. सणाला मला न्यायला येईल असे कुणी नव्हते. काकींनी याबद्दल कधी चौकशी केली नाही. संध्याकाळी मात्र खालून हाक येई, "ए कवितावाली, खाली ये गो! भाकरी काय कागदावर भाजतस?"

गौरी आणताना त्या एक गाणे म्हणत. लांबट, समुद्रावरच्या वाऱ्यासारखा हेलकावणारा त्याचा सूर. मी विचारले, हे रचले कुणी?

"रचतंय कोन? पावसात मिठागरं बंद. बाया माहेरी निघायच्या. जिला न्यायला कोनी आला नाय, ती रडली. शेजारनीनं ताल धरला. झालं गानं!"

म्हणूनच त्या गाण्यात गौरीचे दागिने नाहीत, रूपाचे वर्णन नाही. उंबऱ्यावर विचारलेला एकच प्रश्न आहे. गौर हाती घेतलेल्या बाईने आपल्या माहेरचे नाव सांगायचे, मगच तिच्या पायांवर दूध-पाणी घालून तिला आत घ्यायचे.

पहिल्याच वर्षी काकींनी गौर म्हणून तेरड्याची जुडी माझ्या हाती दिली. दारात बायका दाटल्या होत्या, पाटावर कुंकवाची पावले ओली होती. काकींनी सूर लावला, "कोनाची लेक गो, दारी कोनाची लेक?"

आई गेली तेव्हाच माझे माहेर संपले होते; कोणते नाव सांगायचे? पुन्हा तीच ओळ आली. दुधाचा तांब्या घेतलेली बाई ताटकळली. कुणीतरी हळूच म्हणाले, "हिला कोनी नाय वाटतं."… तेरड्याचे देठ माझ्या मुठीत चुरगळत होते.

तेव्हा गाणे अर्ध्यावर टाकून हिराकाकी उंबरा ओलांडून बाहेर आल्या. माझ्या पाठीवर हात ठेवून, आतल्या साऱ्या बायकांकडे पाहत त्या म्हणाल्या,

"माजी."