चुकांचा रकाना

अमेरिकेतल्या आमच्या गल्लीत फ्रँक नावाचा म्हातारा राहतो. त्याच्या खिडकीत एक काळी पाटी आहे. बेसबॉलचा मोसम संपून महिना झाला, तरी त्याच्या संघाचा शेवटचा पराभव त्याने पुसलेला नाही: धावा एक, फटके चार, चुका तीन. या खेळात चुकासुद्धा धावांच्या शेजारी, अख्ख्या मैदानाला दिसतील अशा लिहितात.

"तुमच्या पुढाऱ्यांच्या फलकावर हा रकाना कुठाय गं पोरी?" प्रचाराचं पत्रक द्यायला गेले तेव्हा त्याने मला सुनावलं होतं. "खेळ बंद झाला की बातम्या बघाव्या लागतात. तिथे कुणी कधी चुकतच नाही!"

खरंच होतं. राजकारणात हरलेला पंचाला शिव्या घालतो आणि जिंकलेला आरशाला नमस्कार करतो.

आज मी पुन्हा त्याच्या दारात उभी राहिले. पत्रकात मतदान केंद्राचा पत्ता चुकला होता आणि मजकूर माझा होता. प्रचार कचेरीतले म्हणाले, "गप्प बस, पत्रकं वाचतंय कोण?" का म्हणून गप्प बसायचं? लोक चुकीच्या दाराशी जाऊन परतले असते. नवी पत्रकं घेऊन मी घरोघर गेले आणि चूक माझी आहे, असं तोंडाने सांगितलं.

फ्रँकने दोन्ही पत्रकं ताडून पाहिली. "मत मात्र तुमच्या माणसाला नाही हां," म्हणाला. मग खडू घेऊन त्याने पाटीवर संघाखाली माझं नाव लिहिलं आणि चुकांच्या रकान्यात एक.

येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसतं. दिसू दे. या निवडणुकीतलं त्या पाटीवर चढलेलं ते एकमेव नाव आहे.